उणे ऐंशीचे भाडेकरू

आमच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढायचा नियम होता. धूळ आत जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. पण कॉलेजात पहिल्यांदा येणारी माणसं दारातली चपलांची रांग बघायची, आतून येणारी गार झुळूक अंगावर घ्यायची, यंत्रांची एकसुरी गुणगुण ऐकायची आणि आपोआप आवाज खाली आणायची. एकदा एक आजोबा नातवाच्या ॲडमिशनसाठी आले होते. ते दारातच थांबले, हात जोडले आणि मला विचारलं, "बाई, कोनाचं ठाणं हाय हे?"

मी म्हटलं, "सगळ्यांचं आहे, बाबा."

"मंग त कोनी झाडतबी नसन," ते म्हणाले आणि पुढे गेले.

मी त्या खोलीत उभी नोकरी काढली. माझ्या कामाबद्दल इतकं नेमकं त्याआधी कुणी बोललं नव्हतं आणि नंतरही कुणी बोललं नाही.

खोलीचं सरकारी नाव 'सामायिक उपकरण केंद्र'. नांदुऱ्याच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत आमचं कॉलेज. संशोधनाची यंत्रं महाग असतात. प्रत्येक विभागाला, प्रत्येक कॉलेजाला वेगळं घेऊन देणं सरकारला परवडत नाही, म्हणून एका खोलीत यंत्रं ठेवायची आणि आसपासच्या सगळ्यांनी ती वापरायची, अशी ही योजना. आमच्याकडे द्रावणाच्या रंगावरून त्यात काय किती आहे ते सांगणारं एक यंत्र होतं, मिश्रणातले घटक एकेक करून वेगळे काढणारं दुसरं होतं, गरगर फिरवून गाळ तळाशी बसवणारं तिसरं होतं. आणि कोपऱ्यात उभा, कपाटाएवढा, उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर. या सगळ्यांची राखणदार मी. कुणाला कधी कुठलं यंत्र मिळणार ते ठरवायचं, वापरायला शिकवायचं, बिघडलं की दुरुस्त करून घ्यायचं आणि वर्षाच्या शेवटी 'ही खोली चालू का ठेवावी' याचं उत्तर वरच्यांना द्यायचं. यंत्र विकत घ्यायला पैसा मिळतो, फीत कापायला पाहुणा मिळतो. त्यानंतर त्याचा एक पट्टा तुटला तर तो आणायला कुणी मिळत नाही. माझी निम्मी नोकरी त्या पट्ट्यांत गेली.

आमच्या साखरखेर्ड्यात लोकांना हे समजावणं अवघड होतं. नातेवाईक विचारायचे, मुलांना शिकवत नाहीस, मग करतेस काय? माझे वडील विहारातल्या सामायिक भांड्यांची राखण करायचे. लग्नाला, कुणी गेलं की पुण्यानुमोदनाच्या जेवणाला ती भांडी घरोघर जायची आणि परत येताना एक झारा हमखास कमी असायचा. शेवटी मी सांगायला लागले की बाबांचंच काम करते, फक्त भांडी विजेवर चालतात. मग सगळ्यांना एकदम कळलं.

गिऱ्हाइकंही तऱ्हेतऱ्हेची. एक प्राध्यापक होते, त्यांना यंत्र नेहमी आत्ताच्या आत्ता हवं असायचं आणि त्यांच्यासाठी वेळ राखून ठेवली की ते यायचे नाहीत. एका कॉलेजातल्या मॅडम यंत्राला हळदकुंकू वाहिल्याशिवाय बटण दाबायच्या नाहीत. माझी हरकत हळदीला होती, कारण रंग मोजणाऱ्या यंत्रात हळद गेली की पुढचे सगळे आकडे पिवळे. एका सरांच्या घरचा फ्रीज बिघडला तेव्हा त्यांनी गुपचूप आमरसाचे डबे आणून आमच्या फ्रीझरात ठेवले होते. जिथे जंतू ठेवतात तिथे खायचं ठेवायचं नसतं, हे त्यांना मी सांगायला हवं होतं असं नाही, ते सूक्ष्मजीवशास्त्राचेच होते. मी डबे बाहेर काढून फेकायला सांगितले. उणे ऐंशीतल्या आमरसाला हातोडा लागतो, हे मात्र त्या दिवशी कळलं.

आणि एक होते रोहिणखेडचे निवृत्त उर्दू शिक्षक. पांढरी टोपी, इस्त्रीचा कुर्ता. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की या कॉलेजातलं यंत्र कशात काय आहे ते सांगतं. त्यांनी खिशातून एवढीशी अत्तराची कुपी काढली. बेगमसाहेबा हे लावायच्या, त्या गेल्या, ज्या दुकानातून आणायचो तेही बंद झालं, कुपीत शेवटचा थेंब उरलाय. यात काय काय आहे ते कळलं तर कुणाकडून तरी तसंच करून घेता येईल. मी अर्धा थेंब घेतला आणि यंत्रावर चढवला. अत्तरासाठी लागतं ते यंत्र आमच्याकडे नव्हतंच. जे होतं त्यानं मोघम सांगितलं की चंदनाचं तेल आहे आणि त्यात दुसरं एक स्वस्त तेल मिसळलंय. मास्तर हसले. म्हणाले, "बेटा, एवढं त माझं नाकबी सांगते." मग कुपीचं बूच घट्ट लावलं आणि माझा वेळ घेतल्याबद्दल माझीच माफी मागून गेले. तसं यंत्र कुठे आहे ते मी नंतर शोधून त्यांना कळवलं होतं. पण एवढ्या लांब ते गेले की नाही, मला माहीत नाही.

हे सगळं रोजचं. मला सांगायचंय ते फ्रीझरचं.

उणे ऐंशीचा फ्रीझर हा सामायिक खोलीतला सगळ्यात शांत आणि सगळ्यात भरलेला प्राणी. करंगळीएवढ्या बाटल्यांमध्ये ग्लिसरीन घालून जंतू गोठवले की ते तिथे वर्षानुवर्षं झोपून राहतात. पाहिजे तेव्हा काढा, खायला द्या, उठून बसतात. त्यामुळे होतं काय, जो तो आपल्या आयुष्याची कमाई तिथे आणून ठेवतो आणि विसरतो. माणसं बदलून जातात, निवृत्त होतात, लग्नं करून जातात, त्यांचे डबे मात्र राहतात. दर उन्हाळ्यात मला सगळे सांगायचे की मॅडम, जुने डबे फेका, जागा करा. मी मालकाला विचारल्याशिवाय फेकत नसे आणि मालक सापडत नसत. असे बरेच बेवारस भाडेकरू मी पोसले.

मे महिन्याची सुट्टी होती. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. सकाळी खोली उघडायला आले तर चौकीदार म्हणाला, "मॅडम, आत एखादं पाखरू अडकलं वाटते. कालपासून वरडून राह्यलं."

ते पाखरू म्हणजे फ्रीझरचा भोंगा होता. दारावर उणे ऐंशीच्या जागी उणे अठ्ठेचाळीस दिसत होतं आणि माझ्या डोळ्यांदेखत ते उणे सत्तेचाळीस झालं.

अशा वेळी पहिला नियम म्हणजे दार उघडायचं नाही. आतला थंडावा हीच आपली शिल्लक. मी आधी कंपनीला फोन लावला. तिकडून गोड आवाजात उत्तर आलं की इंजिनियर दुसऱ्या राज्यात आहे, पुढच्या आठवड्यात येईल. मग नांदुऱ्याच्या रशीदभाईंना बोलावलं. रशीदभाई फ्रीज आणि एसीचे मिस्त्री. कॉलेजातला प्रत्येक एसी त्यांच्या हातून दोनदा तरी जन्माला आलेला. त्यांनी मागचं झाकण काढलं, कान लावला, हात लावला. अशा फ्रीझरला दोन कॉम्प्रेसर असतात, पहिला दुसऱ्याला थंड करतो आणि दुसरा आतल्या मालाला. रशीदभाईंनी मान हलवली. "पहिलं असतं त माझ्या हातचं होतं, मॅडम. हे दुसरं गेलं. याचा गॅस इकडं कोणाजवळच नाही. मी तुमाले खोटं सांगणार नाही."

त्यांनी खोटं सांगितलं असतं तर बरं, असं क्षणभर वाटलं.

मग मी फोन करत सुटले. नांदुऱ्यात आइस्क्रीमच्या एजन्सीवाल्यानं आपल्या गोदामातला एक डीप फ्रीझर रिकामा करून द्यायचं कबूल केलं. पण तो उणे अठराचा. त्यात मे महिना, लाईट जाणार-येणार, गोठलेलं वितळणार आणि पुन्हा गोठणार. जंतू थंडीनं मरत नाहीत, या जा-येनं मरतात. म्हणजे सामान तिथे ठेवता येईल, पण काय वाचेल याची हमी नाही.

तेव्हा मला डॉक्टर साबळे आठवले. हे ढोरांचे डॉक्टर. जवळच्याच पशुवैद्यकीय दवाखान्यात होते आणि गुरांच्या शेणाचे नमुने घेऊन कधीमधी आमच्या खोलीत यायचे. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी त्यांच्याकडे वीर्यकांड्या असतात आणि त्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे एकशे शहाण्णवला ठेवतात. दुधाच्या कॅनसारखं दिसणारं, निमुळत्या तोंडाचं ॲल्युमिनियमचं भांडं असतं. त्याला वीज लागत नाही, नायट्रोजन तेवढा भरत राहायचा. मी विचारलं की एखादं जास्तीचं भांडं आहे का. ते म्हणाले, आहे, नायट्रोजनची गाडीही कालच येऊन गेली.

"पण मॅडम, लेखी मागू नका. लेखी मागितलं की मले लेखी नाही म्हणा लागते."

त्या भांड्यात लांब दांडीचे सहा डबे मावतात. एका डब्यात आमच्या थोड्याच बाटल्या बसणार. फ्रीझरमध्ये होत्या हजारो. म्हणजे आता प्रश्न यंत्राचा उरला नव्हता. सहा डबे कुणाला द्यायचे, एवढाच प्रश्न होता.

ज्यांना ज्यांना फोन लागला ते उन्हात धावत आले. सगळ्यात आधी आले देशमुख सर. सूक्ष्मजीवशास्त्राचे प्रमुख, मोताळ्याकडच्या मोठ्या शेतकरी घरातले. वर्गात अगदी पुस्तकी मराठी बोलायचे आणि चिडले की थेट घरची बोली. लोणारच्या सरोवराकाठचे खाऱ्या मातीतले जंतू त्यांनी सगळ्या नोकरीभर गोळा केले होते. फ्रीझरचा जवळजवळ अर्धा भाग त्यांचा. त्यांनी आल्या आल्या सांगितलं की तीन डबे माझे, उरलेल्यांत बाकीचे बसवा.

मी म्हटलं, प्रत्येकाला एक.

"हिवराळे मॅडम, हा फ्रीझर माझ्या प्रोजेक्टात आला."

"आला तुमच्या प्रोजेक्टात, सर. राहतो सगळ्यांच्यात."

सर राजी झाले नव्हते. चालू कामाचे असे, सर धरून, पाच जण होते. त्यात दुसऱ्या कॉलेजातला आकाश नावाचा संशोधक विद्यार्थी होता. बुरशीपासून काढलेली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, त्यानं ठेवली होती. पाच जणांना पाच डबे. सहावा सरांना द्यावा असं सगळ्यांनाच वाटत होतं, आकाशलाही. मी सांगितलं की सहावा जे आज इथे नाहीत त्यांच्यासाठी. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

बेवारस डब्यांपैकी बहुतेकांच्या मालकांचा पत्ताच नव्हता. एकाचा मात्र माझ्याकडे फोन नंबर होता. भारती. ती देशमुख सरांचीच विद्यार्थिनी. खारपाणपट्ट्यातल्या जमिनीत, जिथे पाणीही खारट आणि पीकही रुसलेलं, तिथल्या हरभऱ्याच्या मुळांवरचे जंतू तिनं जमवले होते. हे जंतू हवेतला नत्र पकडून झाडाला देतात. खाऱ्या मातीत ते तग धरत नाहीत. भारतीला एका शेतात तग धरलेले सापडले होते. काम चांगलं चाललं होतं. मग लग्न झालं, सासू अंथरुणाला खिळली आणि एक दिवस भारती यायची थांबली. सरांनी तिला दोनदा निरोप पाठवला. तिसऱ्यांदा पाठवला नाही. त्यानंतर तिचं नाव काढलं की ते विषय बदलायचे. मला ते रागावलेले वाटायचे. पण त्यांना ते लागलं होतं.

"ज्यानं काम सोडलं त्यानं जागाबी सोडली," सर म्हणाले. "तिच्यासाठी डबा काऊन राखून ठेवायचा? इथं जिवंत काम मरून राह्यलं."

मी म्हटलं, तिला विचारते. नको म्हणाली तर डबा तुमचा. आणि तिथेच, सगळ्यांसमोर फोन लावला.

भारती रोहिणखेडला होती, नवऱ्याच्या कृषी केंद्रावर. मी काय झालं ते सांगितलं.

"अजून हायेत ते?" तिनं विचारलं. "मले वाटलं, केव्हाच फेकले असतीन."

"आहेत. पण आता सांग, ठेवू की फेकू?"

"फेका, मॅडम. मी काय आता तिकडं येऊन राह्यली का." आणि फोन ठेवला.

सरांनी सहावा डबा आपल्याकडे ओढला. त्यांचा चेहरा मात्र जिंकलेल्या माणसाचा नव्हता.

आम्ही कामाला लागलो. बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आल्या होत्या. त्या फोडून त्यात मीठ कालवलं. मिठानं बर्फ आणखी गार होतो, हे पॉटातली कुल्फी करणाऱ्या कुणालाही विचारा. त्यानं थर्माकोलच्या पेट्या भरल्या, सहा डब्यांत न मावणारं सगळं त्यांतून आइस्क्रीमच्या गोदामात जाणार होतं. आता फ्रीझरचं दार उघडायचं, एवढ्यात माझा फोन वाजला. भारतीच होती. मागे बसचा आवाज येत होता.

"मॅडम, लाल टोपणाच्या बाटल्या तेवढ्या फेकू नका. मी निघाली."

ती पोचली तेव्हा आमचं निम्मं काम झालं होतं. रोहिणखेडाहून मोताळा, तिथून पुढची बस, मग हायवेवरून ऑटो. डोक्याला बांधलेला रुमाल घामानं ओला, बोटांना बियाण्याला लावायच्या औषधाचा लाल रंग. तिनं दारात चप्पल काढली. आत सर आहेत हे बघून जागच्या जागी थांबली, वाकून नमस्कार करायला निघाली. सर म्हणाले, "आधी हात धू."

तिचा डबा मी मिठाच्या बर्फावर काढून ठेवला होता. बाटल्यांवरची अक्षरं बर्फानं पुसली गेली होती. नाव नसलेली बाटली आणि रिकामी बाटली यांत काही फरक नसतो. पण भारतीनं एक लाल टोपण उचललं, तिरकं धरलं आणि बाजूला ठेवलं. मग दुसरं. टोपणांवर तिनं त्या काळी सुईनं ओरखडे काढून ठेवले होते. तशी तिला सवयच होती. हॉस्टेलात तिनं आपल्या साबणावरही ओरखडा काढलेला असायचा, म्हणजे दुसऱ्या कुणी वापरला तर कळावं. ती बाटल्या निवडत गेली आणि ज्या ठेवायच्या त्या तळहातावर मावतील एवढ्याच निघाल्या.

"बाकीच्या?" मी विचारलं.

"बाकीच्या दुसऱ्या शेतातल्या हायेत. त्या परत आनता येतीन. ह्या त्या एकाच शेतातल्या."

"मग ह्यासुद्धा आणता येतील की," सर म्हणाले. इतक्या वर्षांनी ते तिच्याशी कामाचं बोलले ते हे.

"नाही, सर. ते शेत रस्त्यात गेलं. हायवे मोठा केला तवा. आता तिथं पूल हाय."

सर चष्मा पुसत बसले. मग त्यांनी अजून रिकामाच असलेला सहावा डबा तिच्यापुढे सरकवला. भारतीनं आपल्या मूठभर बाटल्या त्यात उभ्या केल्या. डब्यात पुष्कळ जागा उरली. तिनं ती बघितली, सरांकडे बघितलं आणि म्हणाली, "सर, तुमच्या लोणारच्या कोणत्या ठेवू?"

सर उठून बाहेर गेले आणि बाहेरून, व्हरांड्यातून, मोठ्यानं म्हणाले, "तुले माहीत हाय कोणत्या. तूच लावल्या होत्या."

तिला खरंच माहीत होत्या.

पुढचे दिवस आमच्या बाटल्या दवाखान्यात राहिल्या. द्रवात बुडाल्या तर त्या तडकतात, म्हणून आम्ही त्या वरच्या वाफेत टांगल्या होत्या. डॉक्टर साबळेंनी भांड्यावर मोठ्या अक्षरांत चिकटवलं, 'हे बैलाचं नव्हे'. तरीही एकदा घात होता होता वाचला. डॉक्टर बाहेरगावी असताना एक शेतकरी म्हैस घेऊन आला, बदलीवरचा माणूस नवीन होता, त्यानं नेमकं आमचं भांडं उघडून चिमट्यानं डबा वर काढला. बाटली बघून तो चक्रावला. शेतकऱ्यानंही बघितली आणि विचारलं की ही कोणत्या जातीची. देशमुख सरांना हे मी सांगितलं तेव्हा ते आठवड्यात पहिल्यांदा हसले. म्हणाले, लोणारचं रेडकू झालं असतं, थोडं खारट.

इंजिनियर यायचा तेव्हा आला, कॉम्प्रेसर बदलला, फ्रीझर पुन्हा उणे ऐंशीला गेला. आमची वरात परत आली आणि मग खरा हिशेब सुरू झाला. काय जगलं, काय मेलं. नायट्रोजनमधलं जवळजवळ सगळं जगलं. आइस्क्रीमच्या गोदामातलं पुष्कळसं गेलं. तिथे दोनदा लाईट गेली होती आणि बिचाऱ्या एजन्सीवाल्यानं आपलं आइस्क्रीम वाऱ्यावर सोडून आधी आमच्या फ्रीझरला जनरेटर जोडला होता, तरी गेलं. आकाशची बहुतेक विकरं त्यातच होती. एका डब्यात मावली तेवढी वाचली, बाकीचं काम त्याला पहिल्यापासून करावं लागलं. त्यानं एका शब्दानं दोष दिला नाही. मला म्हणाला, "मॅडम, एकाले एक म्हणजे एकाले एक." आज तशी वेळ आली तर मी तोच नियम लावीन. पण तो रिकाम्या पेट्या उचलून जाताना पाठमोरा दिसला होता तेवढा अजून दिसतो. सगळ्यांचं सांभाळणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे येतंच. न्याय केला तरी कुणाचं तरी नुकसान आपल्या हातानं होतं.

भारतीच्या बाटल्यांचं काय झालं हे बघायला ती स्वतः आली. काचेच्या बश्यांमध्ये खाद्य ओतून त्यावर तिनं एकेका बाटलीतला थेंब फिरवला आणि बश्या उबेच्या कपाटात ठेवल्या. हे जंतू मुळात सावकाश वाढणारे. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी काही नाही. देशमुख सर दिवसातून अनेकदा त्या कपाटाशी जायचे, आपलं काहीतरी शोधतोय असं दाखवायचे, दार उघडायचे, लावायचे. शेवटी मीच म्हटलं की सर, असं सारखं उघडलं तर ते गारठतील. ते म्हणाले, मी माझं पेन शोधत होतो.

मग एका सकाळी तीन बश्यांवर ताकाच्या थेंबांसारखे ओलसर पांढरे ठिपके दिसले. तीनच. बाकीच्या बाटल्या मेल्या होत्या, बहुधा या संकटाच्या आधीच केव्हातरी. मी भारतीला फोन केला. तिनं विचारलं, "सरांनी पाह्यलं?" मी म्हटलं, कपाटापुढेच उभे आहेत.

त्यानंतर ती दर बुधवारी यायला लागली. बुधवारी रोहिणखेडचं दुकान नवरा एकटा सांभाळायचा. सासू तोवर गेली होती. पुन्हा नाव नोंदवायचं की नाही यावर मी काही बोलले नाही, सरही बोलले नाहीत. ती यायची, काम करायची, शेवटच्या बसनं जायची. दिवाळीच्या सुमारास तिनं ते जंतू कोळशाच्या भुकटीत मिसळून एका पिशवीत नेले. खारपाणपट्ट्यात तिच्या मावशीचं शेत होतं. हरभरा पेरताना अर्ध्या शेतातल्या बियाण्याला तिनं ते लावलं, अर्ध्याला नाही. मावशी म्हणाली होती, अर्धं शेत तुझं, त्याचं काय करायचं ते कर, पण काकाले सांगू नको.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात, थंडीच्या दिवसांत, मी खोलीचा ताबा नव्या माणसाला देत होते. कुठल्या बटणाला कसं दाबायचं, कुठल्या सरांना कसं थांबवायचं. तेवढ्यात भारती आली. तिच्या हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेली हरभऱ्याची झाडं होती, मुळांसकट उपटलेली, शेताच्या दोन्ही अर्ध्यांतली एकेक जुडी. तिनं ती टेबलावर ठेवली. माझ्या स्वच्छ टेबलावर खाऱ्या काळ्या मातीचा ढीग झाला. दुसऱ्या कुणी केला असता तर मी त्याला झाडू दिला असता. मी नव्या माणसाला पाठवून सरांना बोलावून घेतलं.

चमत्कार झाला होता असं नाही. झाडं दोन्हीकडची जवळजवळ सारखीच होती. पण जंतू न लावलेल्या जुडीतल्या मुळांवर काही नव्हतं आणि लावलेल्या जुडीतल्या मुळांवर मोहरीएवढ्या, ज्वारीएवढ्या गाठी लगडल्या होत्या. अशा गाठींतच हे जंतू राहतात. पण गाठ असली म्हणजे आत काम चाललेलं असतंच असं नाही. ते बघायला ती फोडावी लागते. काम करणारी गाठ आतून गुलाबी असते, निकामी असली तर पांढरट.

देशमुख सरांनी एक गाठ तोडली. खिडकीशी गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि अंगठ्याच्या नखानं ती मधोमध फोडली.

"गुलाबी हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी ते बोट तसंच धरून आणलं, मला दाखवलं, नव्या माणसाला दाखवलं आणि भारतीपुढे धरलं. भारतीनं त्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती शेतातच एक गाठ फोडून, बघून आली होती. गुलाबी आहे हे तिला दोन बसमध्ये आणि ऑटोत, सगळ्या वाटेनं ठाऊक होतं. ती बघत होती ती सरांच्या तोंडाकडे.